वाचकांचे प्रश्न : फ्रँक स्त्रियांचे ब्रोच

गेल्या अंकात पॅरिसजवळच्या सां-दनी येथील चर्चमध्ये १९५९ साली उघडलेल्या राणी आर्नेगुंडच्या थडग्याविषयी एक टिपण आले होते. सहाव्या शतकातील ही फ्रँक राणी आपल्या वस्त्रांसह आणि दागिन्यांसह पुरली गेली होती, आणि तिच्या अंगावरच्या लाल खड्यांच्या ब्रोचचे छायाचित्र टिपणासोबत छापले होते. त्यावर वडोदऱ्याच्या वाचकांकडून बरीच पत्रे आली. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : हे ब्रोच शोभेसाठी होते की वस्त्र आवळण्यासाठी? आणि ते अंगावर नेमके कुठे लावत असत? (एक वाचिका, रावपुरा)

दोन्हींसाठी होते, पण कोणता ब्रोच कोणत्या कामाचा, हे ठरवताना त्याच्या घाटाइतकेच तो थडग्यात शरीराच्या कोणत्या भागावर आढळला याला महत्त्व असते. फ्रँक स्त्रियांची समकालीन चित्रे जवळजवळ नाहीत आणि त्यांच्या पोशाखाची तपशीलवार वर्णनेही फार थोडी आहेत. जे कळले आहे ते मुख्यतः पुरलेल्या देहांवरून कळले आहे. कापड कुजून गेले, हाडे उरली आणि हाडांवर ब्रोच उरले. त्यांच्या जागांवरूनच नाहीशा झालेल्या वस्त्राची कल्पना करावी लागते.

फ्रँक हे मूळचे ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातले लोक. रोमन सत्ता मोडकळीस आल्यावर त्यांच्या क्लोविस राजाने (कारकीर्द ४८१ ते ५११) आजच्या फ्रान्सचा मोठा भाग जिंकला, आणि त्याचे मेरोविंगियन घराणे ७५१ पर्यंत गादीवर राहिले. या घराण्याच्या पहिल्या शतकात, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सहाव्याच्या उत्तरार्धापर्यंत, सधन स्त्रियांच्या थडग्यांत बहुधा चार ब्रोच मिळतात. त्यांतले दोन लहान असतात, जेमतेम दोन ते चार सेंटिमीटरांचे. कधी ते गोल फुलासारखे असतात, कधी बाकदार चोचीच्या पक्ष्याच्या आकाराचे, कधी इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले. ते गळ्याशी व छातीवर, एकाखाली एक असे आढळतात, आणि खांद्यावरून घेतलेले वस्त्र समोर जुळवण्याचे काम ते करत असावेत हे उघड आहे. दुसरी जोडी मोठ्या, कमानीच्या ब्रोचची असते. वर अर्धगोल किंवा चौकोनी पट्टी, तिच्या कडेने बोंडे, मध्ये उंचावलेली कमान आणि खाली लांबट पट्टी अशी तिची घडण असते. एखाद्याला वाटेल की एवढा मोठा दागिना खांद्यावर किंवा छातीवर असणार. प्रत्यक्षात ही जोडी कमरेखाली, ओटीपोटावर किंवा दोन मांड्यांच्या मध्ये मिळते.

या जागेचा अर्थ काय, यावर अभ्यासकांनी दीर्घ वाद घातला आहे. काहींच्या मते त्या ब्रोचनी खालचे गुंडाळलेले वस्त्र किंवा वरचा झगा बंद केला जाई. दुसऱ्या मतानुसार कमरपट्ट्यापासून एक रुंद पट्टी समोर सोडलेली असे आणि हे ब्रोच तिच्यावर टोचून ठेवलेले असत. त्याच पट्टीच्या टोकाला मोठा मणी किंवा चांदीत बसवलेला स्फटिकाचा गोळा लोंबत असे. मला हे दुसरे मत अधिक पटते, कारण अनेक थडग्यांत ब्रोच, मणी आणि स्फटिक एका सरळ रेषेत, वरून खाली उतरत गेलेले आढळतात, आणि वस्त्र बंद करण्यासाठी तशा रचनेची काहीच गरज नव्हती. तसे असेल तर चारांपैकी दोन ब्रोच गरजेचे आणि दोन निव्वळ मिरवण्याचे, असे आपल्या प्रश्नाचे उत्तर होते.

सहाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत मागे पडते. चारांच्या जागी एकच मोठा गोल ब्रोच येतो आणि तो गळ्याखाली झगा एकत्र धरतो. भूमध्य समुद्राकाठच्या, विशेषतः बायझंटाईन दरबारातल्या पोशाखाचे हे अनुकरण मानले जाते. आर्नेगुंडचे थडगे नेमके या बदलाच्या काळातले, साधारण ५८० च्या सुमाराचे आहे. तिच्या अंगावर कमानीचे ब्रोच नव्हतेच. दोन गोल, तामडे (लाल खडे) जडवलेले ब्रोच होते, एक गळ्याशी आणि दुसरा त्याच्या खाली. शिवाय एक लांब पिन होती. डोक्यावर रेशमी ओढणी होती आणि बाह्यांच्या कडांवर सोन्याच्या तारेचे भरतकाम होते. अंगठीवर तिचे नाव कोरलेले असल्यामुळे ती कोण हे ओळखता आले. क्लोथार राजाची ती राणी. तूरचा बिशप ग्रेगरी याने तिच्या विवाहाची हकीकत लिहून ठेवली आहे. राणी इंगुंडने आपल्या बहिणीसाठी योग्य वर शोधावा अशी नवऱ्याला विनंती केली, आणि राजाने स्वतःच त्या बहिणीशी लग्न केले. ती बहीण म्हणजेच आर्नेगुंड.

सगळ्या स्त्रियांकडे असे दागिने अर्थातच नव्हते. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी आणि तामडे ही सधन घरांची गोष्ट होती. साध्या घरच्या स्त्रीच्या थडग्यात तांब्याच्या मिश्रधातूचा एखादा ब्रोच आणि काचेच्या मण्यांची माळ मिळते, पुष्कळदा तेवढेही मिळत नाही.

प्रश्न : त्या ब्रोचमधले लाल खडे भारतातून गेले होते असे ऐकले आहे. हे खरे आहे का, आणि असेल तर ते आपल्या गुजरातच्या बंदरांतून गेले असतील का? (पुरातत्त्वाचा एक विद्यार्थी, वडोदरा)

पहिल्या भागाचे उत्तर ‘होय, मोठ्या प्रमाणावर’ असे देता येते. हे खडे माणकाचे नाहीत. ते गार्नेटचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला तामडा म्हणतात त्याचे आहेत. तामड्याच्या अनेक जाती असतात. कशात लोह अधिक असते, कशात मॅग्नेशियम. शिवाय क्रोमियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश ज्या खडकात तो तयार झाला त्याची ओळख पटवतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील प्रयोगशाळेत प्रोटॉनांचा झोत टाकून, दागिन्याला इजा न करता, मेरोविंगियन ब्रोचमधल्या खड्यांचे पृथक्करण करण्यात आले आहे. त्यातून दिसले की पाचव्या आणि सहाव्या शतकातले बहुतेक खडे लोहयुक्त जातीचे आहेत आणि त्यांची जडणघडण भारतातल्या, त्यातही राजस्थानातल्या, तामड्याशी जुळते. काही खडे श्रीलंकेच्या तामड्याशी जुळतात. सातव्या शतकात मात्र चित्र बदलते. युरोपातल्याच बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले, लहान आणि गडद खडे दिसू लागतात.

आपल्याकडून फ्रँकांच्या देशापर्यंतचा मार्ग लांबचा होता. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, तेथून भूमध्य समुद्र ओलांडून मार्सेय बंदर आणि पुढे ऱ्होन नदीच्या काठाने उत्तरेकडे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ॲलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराचे वर्णन लिहिले. श्रीलंकेत कोठून कोणता माल येतो हे सांगताना तो काबेर या बंदरातून ‘अलाबंदेनम’ जात असल्याचे नोंदवतो. काबेर म्हणजे कावेरीच्या मुखाशी असलेले कावेरीपट्टनम आणि अलाबंदेनम म्हणजे तामडा, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे निदान एक वाट पूर्व किनाऱ्यावरून निघत होती, हे समकालीन साक्षीदाराच्या शब्दांवरून दिसते.

आता गुजरातविषयी. पृथक्करणातून खडक कळतो. माल कोणत्या धक्क्यावर जहाजात चढला हे त्यातून कळत नाही. या दोन गोष्टींत अंतर राखणे आपल्यासारख्या विद्यार्थ्याला आवश्यक आहे. राजस्थानचा तामडा पश्चिमेकडे जाण्यासाठी भरुच किंवा खंभात ही जवळची वाट होती, हे भूगोलावरून स्वाभाविक वाटते. भरुचच्या रत्नव्यापाराचा लेखी पुरावाही आहे, पण तो पाचशे वर्षे आधीचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक ग्रंथात म्हटले आहे की आपल्या पैठणहून गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशातून, अकीकासारखे दगड भरुचला आणले जात. तो पुरावा दगडांच्या व्यापाराचा आहे, तोही आधीच्या काळातला. मेरोविंगियन ब्रोचमधल्या तामड्याचा नव्हे. खंभातच्या अकीक कारागिरीचा तर आपल्याच शहरातील विद्यापीठाने सविस्तर अभ्यास केला आहे, आणि दगड कापण्याच्या त्या परंपरेशी तामड्याच्या पातळ चकत्यांची तुलना करण्यासारखा विषय आपल्याला वडोदऱ्यात बसून हाती घेता येईल.

हा पुरवठा का आटला, याचीही चर्चा आहे. जुने उत्तर असे की ५७० च्या सुमारास इराणच्या ससानी सत्तेने येमेन घेतले आणि तांबड्या समुद्राचे तोंड अडले. पुढे सातव्या शतकात इजिप्त अरबांकडे गेले. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की आवडच बदलली होती, सोन्याच्या तारेचे काम लोकांना अधिक भावू लागले आणि तामड्याची मागणी घटली. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. मोठ्या चकत्या मिळेनाशा झाल्या तर कारागीर सोन्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवून त्यावर तारकाम करणार, आणि एकदा ते डोळ्यांना रुळले की मोठ्या खड्यांची ओढही कमी होणार. सातव्या शतकातल्या गोल ब्रोचवर नेमके हेच दिसते. खडे विरळ, सुटे आणि मध्ये सोन्याच्या तारेची वलये.

याच संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडोदऱ्याच्या संग्रहालयात शहरातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. त्यांतली जीवंतस्वामींची (संन्यासापूर्वीच्या, राजवेशातल्या महावीरांची) एक मूर्ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने अर्पण केल्याचे तिच्यावरच कोरलेले आहे, आणि डॉ. उमाकांत शहा यांनी तिचा काळ सहाव्या शतकाचा मध्य असा ठरवला. म्हणजे आर्नेगुंड तामड्याचे ब्रोच लावत होती त्याच शतकात अकोट्याला ही स्त्री मूर्ती घडवून घेत होती. मुकुट आणि अलंकार ल्यालेली ती मूर्ती पाहताना तिच्या अंगावरचे दागिने कुठे बसवले आहेत हे आवर्जून पाहावे.

प्रश्न : आमचा पिढीजात जडावकामाचा व्यवसाय आहे. छायाचित्रात खडे एकसंध लाल पत्र्यासारखे दिसतात, तरी ते आतून चमकतात. हे कसे साधले असेल? (एक वाचक, मांडवी)

आपण नेमकी जागा हेरली आहे. या कामात आधी सोन्याच्या तळपत्र्यावर सोन्याच्याच अरुंद पट्ट्या उभ्या बसवून लहान लहान घरे तयार करत. प्रत्येक घराच्या मापाची तामड्याची चकती कापत. ती साधारण एक मिलिमीटर जाडीची, पुष्कळदा त्याहूनही पातळ असे, आणि दोन्ही बाजूंनी घासून सपाट केलेली असे. खडा इतका पातळ झाला की त्याचा काळपट लाल रंग उजळतो, पण प्रकाश थेट आरपार गेला तर तो फिका आणि निर्जीव दिसतो. म्हणून खड्याखाली सोन्याचा अतिशय पातळ पत्रा ठेवत, आणि त्या पत्र्यावर जाळीसारखी नक्षी उठवलेली असे. एका मिलिमीटरात दोन-तीन रेघा इतकी ती बारीक असते. या उंचसखल पृष्ठभागावरून प्रकाश अनेक दिशांनी परततो आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. घराच्या तळाशी चुनखडी, वाळू, मेण यांसारख्या पदार्थांचे लुकण भरून पत्रा व खडा योग्य उंचीवर आणत, आणि शेवटी पट्टीची कड खड्यावर किंचित दाबत.

कुंदन जडावातही खड्याखाली चकाकीसाठी पत्रा घालतात, हे आपल्याला सांगायला नको. फरक असा की कुंदनात शुद्ध सोन्याचे पदर खड्याभोवती दाबून त्याला पकडतात, तर या कामात घर आधी पक्के असते आणि खडा घराच्या मापाला उतरवावा लागतो. त्यामुळे सगळी कसोटी दगड कापणाऱ्याची. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मोडीच्या कडा, मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन, कमळाच्या पाकळ्यांसारखे वक्र, असे सारे आकार तामड्यासारख्या कठीण दगडात कापलेले मिळतात. क्लोविसचा बाप चिल्डेरिक याचे थडगे बेल्जियममधल्या तुर्ने येथे १६५३ साली उघडले, तेव्हा त्यात अशाच कामाच्या सुमारे ३०० सोन्याच्या मधमाश्या निघाल्या होत्या. १८३१ साली पॅरिसमध्ये चोरी झाली, त्यातला बराचसा ऐवज वितळवला गेला आणि मधमाश्यांपैकी दोनच उरल्या.

कमानीचे मोठे ब्रोच मात्र वेगळ्या रीतीने होत. ते चांदीत ओतत आणि सोन्याचा मुलामा देत. त्यावरची नक्षी खोल, तिरप्या खाचांची असते, त्यामुळे हलताना उजेड आणि सावली सारखी बदलत राहते. कडांना चांदी व गंधकाच्या काळ्या मिश्रणाच्या बारीक रेघा भरत. मागची सुई व तिची स्प्रिंग बहुधा लोखंडाची असे, आणि ती गंजून गेलेली असते. जडावकाम करणाऱ्याला तो गंज खराबी वाटेल, पण उत्खनन करणाऱ्याला तो मोलाचा असतो. लोखंड गंजताना शेजारच्या कापडाचे धागे त्या गंजात दगडासारखे टिकून राहतात, आणि सुई कोणत्या विणीच्या, किती जाड कापडातून गेली होती हे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. पूर्वी संग्रहालयांत ब्रोच स्वच्छ घासून ठेवण्याची पद्धत होती. त्या घासण्यात वस्त्रांविषयीची किती माहिती गेली असेल याचा विचार मनाला लागतो.

प्रश्न : पक्ष्याच्या आकाराचा ब्रोच असेल तर ती स्त्री गॉथ जमातीची, असे एका ठिकाणी वाचले. हे बरोबर आहे का? (एक वाचिका, सयाजीगंज)

नाही. पक्ष्यांचे ब्रोच गॉथांच्या प्रदेशात मिळतात तसे फ्रँकांच्याही प्रदेशात, विशेषतः सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भरपूर मिळतात. दागिना लग्नात येतो, भेट म्हणून येतो, बाजारातही मिळतो. उत्तर फ्रान्समधल्या थडग्यांत जर्मनीतल्या थुरिंगिया प्रदेशाच्या घडणीचे ब्रोच सापडले आहेत. त्यांतल्या काही स्त्रिया तिकडून आलेल्या असतीलही, कारण क्लोथारची दुसरी एक राणी राडेगुंड थुरिंगियाची राजकन्याच होती. तरी केवळ ब्रोचच्या घाटावरून त्या हाडांना जमात चिकटवू नये.

प्रश्न : एवढे मौल्यवान दागिने मातीत का पुरत? पुढे ही चाल बंद कशी झाली? ख्रिस्ती धर्माने ती बंद केली का? (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

धर्माने बंद केली हे उत्तर पुष्कळ पुस्तकांत आढळते, पण ते पुराव्याशी जुळत नाही. आर्नेगुंड चर्चमध्येच पुरली होती. जर्मनीत कोलोन येथील कॅथेड्रलच्या खाली, जुन्या चर्चच्या जागेत, १९५९ साली एका तरुण स्त्रीचे थडगे मिळाले. ते साधारण ५४० च्या आसपासचे आहे, आणि त्यात सोन्यात तामडे जडवलेल्या कमानीच्या ब्रोचची जोडी, गोल ब्रोच, सोन्याचा माथापट्टा असा संपूर्ण साज होता. म्हणजे चर्चला या दफनाचे वावडे नव्हते.

त्या काळच्या लोकांना ही प्रथा कशी दिसत होती याची एक हकीकत ग्रेगरीने दिली आहे. ५८५ च्या सुमाराची ही गोष्ट. गुंत्रम बोसो नावाच्या सरदाराच्या बायकोची एक नातलग स्त्री निपुत्रिक वारली आणि मेट्स शहरातल्या चर्चमध्ये पुष्कळ सोने व दागिन्यांसह तिला पुरले. काही दिवसांनी संत रेमिजियसच्या सणाला शहरातले बरेच लोक बाहेर गेले असता बोसोच्याच नोकरांनी चर्चची दारे लावून घेतली, थडगे उघडले आणि अंगावरचे दागिने काढून नेले. पुढे भीतीने त्यांनी ते परत आणून वेदीवर ठेवले. ती निपुत्रिक होती हे ग्रेगरी मुद्दाम सांगतो, हे लक्षात घ्यावे. तिच्यामागे दागिने ल्यायला मुलगी नव्हती.

अशी चोरी विरळ नव्हती. फ्रँकांच्या दफनभूमींतली अनेक थडगी त्याच काळात, काही वेळा पुरल्यानंतर एक-दोन पिढ्यांतच, पुन्हा उघडलेली दिसतात. ब्रोच नाहीसा झालेला असतो, पण हाडावर तांब्याचा हिरवा डाग किंवा लोखंडी सुईचा तुकडा राहून जातो, आणि तेवढ्यावरून तो कुठे होता हे आजही सांगता येते.

सातव्या शतकात दफनातला साज हळूहळू कमी होत गेला आणि ७०० च्या सुमारास ही चाल जवळजवळ संपली. संपत्ती दाखवण्याची जागा बदलली, असे मला वाटते. जे पूर्वी मृताच्या अंगावर घालून गावाला दाखवत, ते पुढे वारसांना दिले जाऊ लागले, आणि चर्चला दान करून, मृताच्या नावाने प्रार्थना लावून घेऊन तीच प्रतिष्ठा मिळू लागली. राडेगुंडने संन्यास घेताना आपली भरजरी वस्त्रे आणि रत्नजडित अलंकार वेदीवर ठेवले व सोन्याचा जड कमरपट्टा मोडून गरिबांना वाटायला दिला, असे तिचा चरित्रकार व कवी फोर्च्युनातुस सांगतो. एकाच राजाच्या दोन राण्या. एकीचे ब्रोच तिच्यासोबत मातीत गेले, दुसरीने आपले अलंकार जिवंतपणीच सोडले.

प्रश्न : इंटरनेटवरच्या लिलावात मेरोविंगियन ब्रोच आपल्या ऐपतीत बसतील अशा किमतीला दिसतात. संग्रहासाठी घ्यावेत का? (एक वाचक, अलकापुरी)

घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांतले काही नकली असतात हे कारण आहेच. खरे असतील तर कारण अधिक गंभीर आहे. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र घेऊन पुरातन वस्तू शोधण्यास बंदी आहे, तरीही शेतांतून ब्रोच उकरून काढले जातात आणि कोठून निघाले हे न सांगता विकले जातात. ब्रोच गळ्याशी होता की मांडीवर, जोडीत होता की एकटा, त्याच्या गंजात कोणते कापड होते, शेजारच्या हाडांचे वय काय होते, हे सगळे त्या खड्ड्यात नष्ट होते. आर्नेगुंडची अंगठी एखाद्या लिलावात सुटी आली असती तर ते नाव खरे मानायलाही कोणी धजावले नसते.

ज्यांना खरे काम जवळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी सां-जर्मेन-आं-ले येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आर्नेगुंडचा साज आहे, आणि कोलोनच्या थडग्यातला ऐवज तेथील कॅथेड्रलच्या खजिनाघरात मांडलेला आहे.